ऑपरेशनला लायक

मी गेलो होतो पाठ दाखवायला. पाठ म्हणजे तशी कंबरच. कमरेच्या किंचित वर डाव्या अंगाला कळ निघते, ती ढुंगणातून मांडीत, मांडीतून पोटरीत उतरते आणि अंगठ्यात जाऊन बसते, आणि अंगठा बधिर. एवढं मी रिक्षात मनाशी घोकून ठेवलं होतं, कारण डॉक्टर लोकांना वेळ नसतो, नेमकं सांगावं लागतं. तर नर्सने मला ज्या खोलीत नेऊन सोडलं तिथे खाटच नव्हती. टेबल, खुर्च्या, खिडकीत बाटलीतला मनीप्लँट, आणि टेबलामागे एक बाई. मी सवयीने शर्टाची बटणं सोडायला लागलो. दोन-तीन सुटली असतील. बाई म्हणाल्या, "राहू द्या हो धुरी, शर्ट नाही काढायचा. बसा. आपल्याला नुसतं बोलायचंय." आता बाईमाणसासमोर सोडलेली बटणं परत लावणं हे शर्ट काढण्याहून वाईट. मी लावत बसलो, वरचं बटण खालच्या काजात गेलं, परत सोडलं, परत लावलं. बाई खिडकीकडे बघत होत्या, मुद्दाम. तेवढ्या वेळात माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच. बोलायचंय म्हणे! गोडाऊनमध्ये रंगाचे डबे उचलताना पाठीत काडकन आवाज झाला तेव्हापासून मला बसता येत नाही, उठता येत नाही, संडासला जायचं तर भिंत धरून जातो. कमरेला वजनं बांधून झाली, पाठीत सुई खुपसून रंग सोडून फोटो काढून झाले, फोटोत गादी सरकलेली डॉक्टरांनी मला बोट ठेवून दाखवली. आता काय बोलायचं राहिलं होतं?

बाईंचं नाव सुहासिनी. आडनावही सांगितलं होतं, माझ्या लक्षात नाही. वयाने लहानच, चष्मा, सुती साडी, आवाज मऊ. त्यांनी समजावून सांगितलं की मोठे डॉक्टर विलायतेत शिकून आलेत, आणि तिकडे आता पाठ उघडण्याआधी माणसाचं मन बघतात. मनाने खचलेल्या माणसाचं ऑपरेशन कितीही चांगलं झालं तरी तो अंथरुणातून उठत नाही, दुखतं दुखतं करत राहतो, असं त्यांना आढळलंय. म्हणून हे प्रश्न. मग त्या विचारायला लागल्या. सकाळी उठल्यावर बरं वाटतं का. जेवण जातं का. झोप लागते का, मध्येच जाग येते का. छातीत धडधडतं का. रडू येतं का. मिसेसबरोबरचे संबंध कसे आहेत. ह्या प्रश्नाला मी छपराकडे बघितलं. माझी मुलगी जगती तर अजून दहा वर्षांनी ह्या बाईएवढी झाली असती, आणि ही मला हे विचारते. म्हटलं, "मॅडम, ह्याचा आणि पाठीचा काय संबंध?" त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "संबंध आहे म्हणूनच विचारतेय. अगदी मोकळेपणाने सांगा, धुरी. काही म्हणजे काही लपवू नका."

इथेच माझी वाट लागली. कारण सकाळी निघताना जानकीनेही हेच सांगितलं होतं. माझी बायको लग्नाआधी कधी गावाबाहेर पडली नव्हती, मुंबईत वीस वर्षं काढून तिची मालवणी तशीच. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "डॉक्टराक सगळा सांगा हां. देवाक गाऱ्हाणा घालतास तसा. काय लपवू नकात." आणि गाऱ्हाणं ही आमच्या घरची गोष्ट. आमच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमचा. माझा बापूस घालायचा. नारळ हातात घेऊन, डोळे मिटून, असा आवाज लावायचा की मागे जमलेल्या माणसांच्या अंगावर काटा येई, आणि प्रत्येक वाक्याला सगळे एका सुरात "होय म्हाराजा" म्हणायचे. गाऱ्हाण्याची रीत अशी की एकट्याचं सांगायचं नाही. घर उभं करायचं देवासमोर. ज्याचा ताप उतरत नाही तो, जिची कूस उजवत नाही ती, जो मुंबईला गेला आणि पत्र नाही तो, गेलेली माणसं, गाभण गाय, सगळ्यांची पीडा आपल्या तोंडाने सांगायची, आणि जरा वाढवूनच सांगायची, कारण देवाला शंभर कामं. एकदा बापूस एका बाईचं नाव विसरला तर ती देवळात सगळ्यांदेखत रडली होती, माझं राहिलं म्हणून. बापूस गेल्यावर मान माझ्याकडे आला. पण मी तेव्हा गिरणीत, वर्षातून एकदा शिमग्याला गेलो तर गेलो, दोनदाच काय तो नारळ हातात घेतला असेन. तरी ते अंगात असतं. कुणी समोर बसून म्हणालं की सांग, काही ठेवू नको, की आमची माणसं थांबत नाहीत. एरवी तोंड उघडणार नाहीत. मीसुद्धा.

तर मी गाऱ्हाणं घातलं. डोळे मिटले नाहीत एवढंच. बाईंनी झोपेचं विचारलं, मी सांगितलं, झोप आमच्या घरात कुणालाच नाही; जानकी रात्री उठून भांडी लावत बसते, बाजूच्या खोलीतला माझा थोरला भाऊस गिरण्यांच्या संपापासून झोपलेला नाही, गॅलरीत बसून बिड्या ओढतो. बाईंनी लिहिलं. जेवणाचं विचारलं, सांगितलं, अन्न गिळतो, चव गेली. जगण्यात अर्थ वाटतो का म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, आमच्या खात्यात सत्तावीस जण होतो, त्यातल्या पाचांनी संपाच्या वर्षी गळफास नाहीतर विहीर बघितली, मला तरी काय मोठा अर्थ वाटणार. तेही लिहिलं. मी त्या पाचांचं सांगत होतो, त्यांनी माझं म्हणून लिहिलं, पण हे मला तेव्हा कुठे ठाऊक. मला उलट बरं वाटत होतं. खरं सांगतो, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. बाई मान हलवत होत्या, मला मागून "होय म्हाराजा" ऐकू येत होतं. आणि मग मी आनूचं सांगितलं.

आनू म्हणजे अनुपमा, आमची मुलगी. एकच. संप लांबला, लालबागची खोली गेली, तेव्हा सगळ्यांनीच बायकापोरं गावाला पाठवली तशी मीही पाठवली. गावाला निदान भात होता. तिसरीत होती. गावात ताप आला, डोक्यात चढला, तालुक्याला न्यायच्या आत गेली. मला तार मिळाली ती मोर्च्यातून परत आल्यावर. एस.टी.ने पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. मी तिला बघितलंच नाही. अंगणात पोचलो तर माणसं उठून चाललेली, आणि जानकीने माझ्याकडे बघितलं, आत गेली आणि पेजेचं ताट आणून ठेवलं. मी खाली बसलो आणि पेज प्यालो. परत मागितली. परत प्यालो. आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं, भूक लागली होती, काय करणार! पण त्या पेजेची चव अजून माझ्या तोंडात येते, रोज येते, गोडाऊनमध्ये डबा उघडला की येते. हे मी बाईंना सांगितलं. जानकीला कधी सांगितलं नव्हतं. दोन वेण्या घातलेली शाळेतली पोरगी रस्त्यात दिसली की मी वाट बदलतो, हेही सांगितलं. रडू येतं का विचारत होतात ना, तर येतं, रोज येतं, मोरीत तोंडावर पाणी मारताना रडून घेतो म्हणजे कुणाला कळत नाही. आणि तिथे खुर्चीत बसल्या बसल्या मी रडलो. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. बाहेर पडलो तेव्हा पाठ हलकी झाली होती, आईशपथ, रिक्षा हात करून थांबवली तेव्हा कळ आली नाही. घरी येऊन जानकीला म्हटलं, "सांगितलं सगळं. आता होणार काम."

काम झालं नाही. पुढच्या खेपेला मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला, मग बाईंचा कागद बघितला, मग फोटो खाली ठेवला. म्हणाले, "धुरी, तुमच्या पाठीत दोष आहे, मी नाही म्हणत नाही. पण मनावरचा ताण फार आहे. आत्ता कापलं तर फायदा होणार नाही, उलट बिघडेल. ह्या गोळ्या घ्या, काही महिने जाऊ देत, मग सुहासिनीबाईंना परत भेटा. त्यांनी हो म्हटलं तर लगेच तारीख देतो." मी म्हटलं, "म्हणजे मी वेडा?" ते म्हणाले, "छे छे." आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. देवाने कधी असं केलं नव्हतं. कौल लावला की देव पाकळी उजवी देतो, डावी देतो, नाहीतर देतच नाही; पण तुझं दुःख जास्त आहे म्हणून तुला देत नाही, असं आमच्या देवळात कुणी ऐकलेलं नाही. मी त्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा राहिलो आणि मला इतका संताप आला की पायातली कळ कळेना. जे माझ्याकडे होतं नव्हतं ते मी टेबलावर ओतलं आणि त्यांनी त्याचं वजन केलं.

घरी जानकीने विचारलं, काय झालं. म्हटलं, मनाचं कायतरी काढलंय त्यांनी. ती म्हणाली, "मनाचा? तुमच्या मनाक काय झाला?" खरोखरीच विचारत होती. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. नाहूरच्या ह्या खोलीत आल्यापासून आम्ही आनूचं नाव काढलेलं नाही. ठरवून नाही. ती काढत नाही म्हणून मी काढत नाही, आणि मी काढत नाही म्हणून ती काढत नसेल, कुणास ठाऊक. तिने आनूला शेवटपर्यंत मांडीवर घेतलं होतं, तिचा हक्क मोठा. मी तिच्यासमोर कुठल्या तोंडाने रडू? तिला वाटत असणार, ह्याने त्या दिवशीही पेज मागून घेतली, ह्याला काय. भांडी लावायचा आवाज रात्री येतो तेव्हा मी जागा असतो. ती भांडी आधीच लावलेली असतात. मी गप्प पडून ऐकतो, आणि मला वाटतं आता उठावं, म्हणावं जानकी, ये इथे. पण उठायला कूस बदलावी लागते आणि कूस बदलली की ओरडावं लागतं, मग ती विचारते, पाठ काय, मी म्हणतो, होय पाठ. सगळं पाठीवर जातं.

गोडाऊनमधला धाकू मला भेटायला यायचा. माझ्या जागेवर तात्पुरता म्हणून त्याचा साडू लागला होता, म्हणून बिचाऱ्याला माझी फार काळजी. सगळं ऐकल्यावर त्याने कपाळावर हात मारून घेतला. "अरे येड्या! असं कोण सांगतं काय? पोलिसात आणि इस्पितळात खरं सांगायचं नसतं. झकास म्हणायचं. झोप? झकास. जेवण? झकास. बायको? एकदम झकास! हसायचं जरा. पाठ सोडून बाकी गडी ठणठणीत, असं वाटलं पाहिजे त्या बाईला." मालक दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवणार होता, पुढे नाही. जानकी दोन घरची पोळ्या-भाजी धरून होती, तिसरं घर बघत होती, तिच्या हातांना उलथण्याचे चटके. मला उभं राहायचं होतं बस. उभं राहून डबे उचलायचे होते. त्यासाठी आनंदी माणूस व्हायचं तर आनंदी होऊ, त्यात काय!

मी शिकायला बसलो. खोलीत एकटा पडलेलो असताना बाईंचे प्रश्न स्वतःला विचारायचे आणि उत्तरं द्यायची, मोठ्याने. सकाळी कसं वाटतं? ताजंतवानं. पुढे काय होईल असं वाटतं? चांगलंच होईल. सुरुवातीला हसू यायचं, मग चीड, मग ते तोंडात बसलं. आरशात बघून तोंड कसं ठेवायचं ते बसवलं. मोरीत जायचो तेव्हा नळ सोडून उभा राहायचो आणि रडायचं नाही म्हणून जीभ चावायचो, कारण सवय मोडली पाहिजे, नाहीतर तिथे ऐन वेळी घात होईल. काही दिवसांनी जीभ चावावी लागेना. एकदा खिडकीतून खाली दोन वेण्यांची पोरगी जाताना दिसली, मी बघत राहिलो, आणि काही झालं नाही. पोरगी गेली. मी आनूचं तोंड आठवायला लागलो. वेण्या आठवत होत्या, फ्रॉक आठवत होता, तोंडाच्या जागी त्या खालच्या पोरीचं तोंड येत होतं. पडून राहिलो. स्वतःला सांगितलं, ऑपरेशन होऊ दे, मग सगळं परत आठवू, पळून जातंय काय. असं सांगितलं खरं, पण त्या दिवसापासून मला स्वतःचीच भीती वाटायला लागली. पेजेची चवही यायची थांबली होती.

दुसऱ्या खेपेला निरोप आला की घरच्या माणसाला घेऊन या. जानकी ठेवणीतलं लुगडं नेसून आली. तीच खोली. मी शर्टाला हात लावला नाही. सुहासिनी मॅडमनी जानकीसाठी तिसरी खुर्ची मागवली, आणि प्रश्न सुरू झाले. मी धडाधड उत्तरं दिली. झोप लागते. जेवण जातं. बायकोबरोबर गप्पा होतात, हे म्हणताना जानकीकडे बघितलं नाही. पुढचं चांगलं दिसतं. मधूनच हसलो. बाईंचा चेहरा खुलत चालला होता. चांगली बाई, तिला खरंच आनंद होत होता. मग त्यांनी मागचा कागद काढला.

"धुरी, मागच्या वेळी तुम्ही मुलीबद्दल खूप बोलला होतात. रोज आठवण येते म्हणालात. गावी गेलात तेव्हा पेज प्यालात ते सांगितलंत. मोरीत जाऊन रोज रडता म्हणालात."

जानकीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. कधी बघितलं नव्हतं असं. तोंड अर्धवट उघडं, आणि डोळ्यांत, काय सांगू, अंगणात मी पोचलो त्या दिवशी मला हवं होतं ते सगळं तिच्या डोळ्यांत तेव्हा आलं. मला ते दिसलं. शपथेवर सांगतो, दिसलं.

"आता कसं आहे?" बाई म्हणाल्या.

"आता नाही," मी म्हणालो.

"आठवण?"

"तेव्हा यायची. आता नाही येत. गेलेलं माणूस गेलं. किती दिवस धरून बसणार?" हे धाकूने शिकवलेलं नव्हतं, माझं मीच बनवलेलं होतं, आणि ते इतकं सरळ बाहेर आलं की मीच चपापलो. जानकीने मान परत सरळ केली. हात मांडीवर ठेवले.

बाईंनी तिला विचारलं, "खरं का हो? घरी हे मुलीचं नाव काढतात? रडतात? तुम्ही बघितलंय?"

"नाय," जानकी म्हणाली. "नाव कधीच नाय काढूक. रडताना कधी बघूक नाय मीया."

अक्षर न् अक्षर खरं. बाईंनी ते लिहून घेतलं आणि पेन ठेवलं. म्हणाल्या, "मला खूप बरं वाटलं, धुरी. फार कमी लोक इतके सावरतात." आम्हाला बसवून त्या स्वतः मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. तारीख मिळाली. दिवाळीच्या आधीची. मी ऑपरेशनला लायक झालो होतो.

बाहेर आवारात आलो. फाटकाजवळ रिक्षा उभ्या होत्या, तिथवर चालायचं होतं. जानकी माझा दंड धरून चालत होती, नेहमी धरते तसा, सैल नाही घट्ट नाही. मला वाटलं आता हिने ओरडावं, इथे सगळ्यांसमोर मला दोन शिव्या घालाव्यात. अर्ध्यावर मी थांबलो. म्हटलं, "जानकी, ते खोटं होतं."

"खंयचा?" ती म्हणाली. "मागचा की आत्ताचा?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. आणि मी लगेच उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि एक क्षण, एकच क्षण, मलाही कळेना. मग म्हणालो, "आत्ताचं. आत्ताचं खोटं. मला रोज..." आणि मोरीत यायचं ते रडू वर यायला लागलं. इतक्या महिन्यांनी. तिच्यासमोर. मी तिचा हात पकडला.

जानकीने झटकन मागे बघितलं. सुहासिनी मॅडमची खिडकी आवारावरच उघडत होती, मनीप्लँट इथून दिसत होता. ती माझ्या आणि खिडकीच्या मध्ये येऊन उभी राहिली, पदर असा पसरून की मी झाकला जाईन. तिचे स्वतःचे डोळे भरले होते. "नको," ती म्हणाली. "हय नको. बाई बघतली. तारीख जायत हातची. घराक गेल्यार रडा. घराक गेल्यार दोघांय रडूया. आता गप ऱ्हवा."

मी जीभ चावली. ते सगळं परत खाली गेलं, गिळल्याचं कळलं मला. रिक्षात ती माझ्याकडे बघत नव्हती पण माझा हात तिने सोडला नाही. घरी आलो. तिने दार लावून घेतलं, जे ती दिवसाढवळ्या कधी लावत नाही, आणि माझ्यासमोर खाली बसली. स्टोव्ह पेटवला नाही, पोळ्यांना जायचं होतं तिकडे गेली नाही. "आनूचा सांगा," ती म्हणाली. मी सांगितलं. तार, एस.टी., अंगण, पेज, सगळं ओळीने सांगितलं, काही ठेवलं नाही. ती ऐकत होती, आणि माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती. मीही पाहत होतो. बराच वेळ बसलो आम्ही. रडू आलं नाही.